राग ऑस्ट्रेलियावर कशाला?

ऑस्ट्रेलियात नोकरी लागलेल्या पोरांची एक ठरलेली तक्रार असते. घरचं कुत्रं भारतातून थेट नेता येत नाही. आधी त्यांनी मान्य केलेल्या तिसऱ्या देशात सहा महिने ठेवा, रेबीजची रक्ततपासणी करा, पोचल्यावर मेलबर्नजवळ मिकलहॅमला क्वारंटाइन. खर्च लाखांत. "काय छळ आहे राव!"

मला यात छळ दिसत नाही. तिथल्या कुत्र्यांत रेबीज नाही आणि तो येऊ द्यायचा नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. २०१५ साली जॉनी डेपची दोन कुत्री खासगी विमानातून न सांगता तिथं आली. कृषिमंत्री बार्नबी जॉइस म्हणाले, परत न्या, नाहीतर मारावी लागतील. कुत्री परत गेली. पुढच्या वर्षी त्याच्या बायकोला कोर्टात उभं राहावं लागलं. आपल्याकडं नगरसेवकाच्या भाच्यालाही कुणी अडवत नाही!

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातले ३६ टक्के रेबीजबळी भारतातले. मग दार कोण उघडेल? मोकाट कुत्र्यांची नसबंदी, लसीकरण हे नगरपालिकेचं काम. तुमच्या वॉर्डात ते शेवटचं कधी झालं? कमेंटमध्ये लिहा, यादी घेऊन मुख्याधिकाऱ्यांकडं मी जातो.