सोमवारची निळी गोळी

आपल्याकडच्या सरकारी आणि अनुदानित शाळांत मोठ्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा, बहुतेक ठिकाणी सोमवारी, लोहाची निळी गोळी देतात. गोळी घेतली, पाणी प्यायलं, वहीत नोंद झाली, विषय संपला. मग विज्ञानाच्या तासाला फळ्यावर ‘हिमोग्लोबिन’ येतं आणि भूगोलाच्या तासाला ‘लोहखनिज’. तिन्ही ठिकाणचं लोखंड एकच, पण मुलांच्या डोक्यात त्याचे तीन वेगळे कप्पे होतात. जीवशास्त्राची आणि खनिजांची गोडी लावायची असेल तर सुरुवात या गोळीपासूनच करावी, असं मला ठामपणे वाटतं.

दोन-तीन गंजके खिळे रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. दुसऱ्या दिवशी कोऱ्या चहाची एक वाटी घेऊन त्यात ते पाणी थेंब थेंब सोडा. चहा काळा पडत जातो, इतका की काडी बुडवून कागदावर नाव लिहिता येतं. (तो प्यायचा नाही, हे आधीच बजावून सांगावं.) चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, त्याचा हा रंग. गोळी चहाबरोबर घेऊ नका, असं आरोग्यसेविका सांगतात तेव्हा मुली मान डोलावतात. हीच गोष्ट वाटीत घडताना पाहिली की घरी जाऊन आईलाही सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21च्या फेरीत देशातल्या 15 ते 19 वर्षांच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे वर्गात बसलेल्या निम्म्याहून जास्त मुलींच्या अंगाशी भिडलेला हा धडा आहे.

पण चहा काळा झाला, टाळ्या पडल्या, एवढ्यावर थांबलात तर ती जादू झाली, विज्ञान नव्हे. खरं काम इथून पुढे. हिरड्याची पूड पाण्यात कालवून तेच थेंब टाकले तर? डाळिंबाच्या सालीचं पाणी? दूध? शेजारी साध्या पाण्याची एक वाटी का ठेवायची? जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात ज्या मुलांचे आईबाप हिरडा गोळा करतात, त्या मुलांना इथे सांगण्यासारखं बरंच असतं. शिक्षकांनी तेव्हा गप्प राहून ऐकावं. काळ्या चहात लिंबू पिळलं की रंग उतरू लागतो. जेवणात लिंबू असलं की धान्य-भाज्यांतलं लोह अंगी जास्त लागतं, हेही खरं. मात्र दोन्हींची कारणं तंतोतंत एक नाहीत आणि तेही मुलांना सांगून टाकावं. ‘क’ जीवनसत्त्वाचं पोटातलं काम वाटीतल्या रंगापेक्षा गुंतागुंतीचं आहे. मुलांना अर्धवट उत्तर चालतं, ते अर्धवट आहे हे लपवलेलं चालत नाही.

मग प्रश्न येतोच, बाजरीत लोह आलं कुठून? मातीतून. आणि मातीत? इथे भूगोलाच्या सरांना वर्गात बोलवावं. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि आपला काळा पाषाण, बेसाल्ट, तयार झाला. त्यात लोह भरपूर आहे. जुन्या स्पीकरमधलं चुंबक कागदात गुंडाळून नदीच्या वाळूतून फिरवा, काळे कण चिकटून वर येतात, ते मॅग्नेटाइट. कोकणातल्या मुलांना तर घराच्या भिंतीतला जांभाच दाखवावा, त्याचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेबरोबर जास्त लोहाचं ‘धनशक्ती’ हे बाजरीचं वाण काढलं. दगड, माती, कणीस, भाकरी, रक्त ही साखळी मुलांनी स्वतःच जुळवली तर ‘पोषण’ आणि ‘खनिजे’ हे दोन धडे वेगळे उरत नाहीत.

यात नवं काही नाही. 1972 साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 16 शाळांत असंच, मुलांच्या हाताने आणि परिसरातल्या वस्तूंनी विज्ञान शिकवायला सुरुवात झाली होती. पुढे शेकडो शाळांपर्यंत पोचलेला तो कार्यक्रम 2002 साली सरकारने बंद केला, याचं मला आजही वाईट वाटतं. त्या कार्यक्रमाने परीक्षाही बदलली होती: मुलं पुस्तक उघडून पेपर सोडवत आणि प्रयोगही करून दाखवत.

आपल्याकडे घोडं अडतं ते इथेच. पोर्शन पुरा करायची घाई असलेल्या शिक्षकांना मी दोष देणार नाही. पेपरात ‘लोहाचे दोन उपयोग लिहा’ असंच येणार असेल तर खिळे कोण भिजवणार? त्याऐवजी विचारा: दोन वाट्यांत तोच चहा, तेच थेंब, एक वाटी काळी पडली, दुसरी नाही, काय काय कारणं असतील आणि ती कशी तपासाल? याची बरोबर उत्तरं चार-पाच निघतील आणि पेपर तपासायला वेळ लागेल. तो वेळ शिक्षकांना मिळावा, म्हणून शिक्षण विभागाने त्यांच्यामागची माहिती भरण्याची कामं आधी कमी करावीत.