विश्लेषण : खोक्यावर ४००० यार्ड, हरणावर किती? शिकारीच्या लेझर रेंजफाइंडरची खरी कसोटी कोणती?

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत सप्टेंबरपासून हरीण आणि एल्कच्या शिकारीचे हंगाम एकामागोमाग सुरू होतात. २०२२च्या सरकारी पाहणीनुसार त्या देशात शिकार करणाऱ्यांची संख्या १ कोटी ४४ लाख होती. त्यांच्यातील लांब पल्ल्यावरून नेम धरणाऱ्यांची भिस्त आता तळहातात मावणाऱ्या लेझर रेंजफाइंडरवर असते. बटण दाबले की जनावर किती अंतरावर आहे, हे तो क्षणात दाखवतो. पण दिसणारा आकडा त्याच जनावराचा असतो का? आणि अंतर अचूक कळले म्हणून तेवढ्या लांबून गोळी झाडावी का?

रेंजफाइंडर अंतर कसे मोजतो?

उपकरणातून लेझरची अतिशय छोटी पल्स बाहेर पडते, लक्ष्यावर आपटते आणि तिचा किंचित अंश परत येतो. जाऊन-येऊन लागलेल्या वेळेवरून अंतर काढले जाते. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर असल्याने ९०० मीटरवरून पल्स परत यायला फक्त ६ मायक्रोसेकंद लागतात. एका मीटरचा फरक ओळखायचा तर सेकंदाच्या अब्जाव्या भागाचे सुमारे ७ भाग, म्हणजे ७ नॅनोसेकंद, इतका बारीक वेळ मोजावा लागतो. ग्राहकांसाठीच्या बहुतेक उपकरणांत ९०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा आणि सुरक्षित वर्गातला लेझर असतो. पहिला लेझर १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी तयार केला. त्यानंतर हे तंत्र आधी लष्कराकडे गेले आणि १९९०च्या दशकात शिकारी व गोल्फ खेळणाऱ्यांच्या खिशात आले.

अंतर चुकले तर काय होते?

गोळी सरळ रेषेत जात नाही. बंदुकीतून सुटल्यापासून ती खाली येत असते आणि वेग कमी होत गेल्याने पुढे अधिक झपाट्याने घसरते. पॉइंट ३०८ विंचेस्टर या प्रचलित काडतुसाचे उदाहरण घेऊ. ५५० मीटरवर अंतराचा अंदाज २० मीटरने चुकला, तर गोळी ढोबळमानाने १५ सेंटिमीटर वर किंवा खाली लागते. ९०० मीटरवर तेवढ्याच चुकीने ४० सेंटिमीटरहून अधिक फरक पडतो. हरणाचे हृदय आणि फुप्फुसे सामावणारा भाग जेमतेम २० ते २५ सेंटिमीटर व्यासाचा असतो. नेम मधोमध धरला तरी चुकीला वाव १० ते १२ सेंटिमीटरचाच. त्याबाहेर लागलेली गोळी पोटात किंवा पायात घुसते. जनावर पळून जाते आणि झाडीत कुठेतरी तडफडून मरते. रेंजफाइंडरची चाचणी महत्त्वाची ठरते ती यामुळे.

खोक्यावरचा आकडा फसवा का?

खोक्यावर ठळक छापलेला पल्ला बहुधा परावर्तक फलकासाठीचा असतो. रस्त्यावरच्या चकाकत्या पाटीसारखा पृष्ठभाग प्रकाश भरपूर परत पाठवतो. झाडाची साल तेवढा पाठवत नाही आणि हरणाची कातडी त्याहूनही कमी. म्हणून जबाबदार कंपन्या फलक, झाड आणि हरीण असे तीन आकडे वेगवेगळे देतात. खरेदी करताना पाहायचा तो तिसरा. तोही अनुकूल उजेडात मिळालेला असू शकतो. भर दुपारच्या उन्हात सूर्यप्रकाशातील त्याच तरंगलांबीचा ‘गोंगाट’ वाढतो आणि पल्ला घटतो. धुके, पाऊस आणि बर्फ तर पल्स वाटेतच अडवतात.

दुसरी अडचण झोताच्या रुंदीची. लेझर म्हटले की सुईसारखी रेषा डोळ्यांसमोर येते, पण झोत पुढे पसरत जातो. दीड मिलिरेडियन पसरणारा झोत ९०० मीटरवर सुमारे १.३५ मीटर रुंद होतो. हरणाच्या छातीची उंची त्याच्या निम्मीही नसते. मग झोताचा काही भाग जनावरावर, काही समोरच्या गवतावर आणि उरलेला मागच्या उतारावर पडतो. यंत्र एक आकडा दाखवते. तो यातल्या कोणाचा, हे मात्र सांगत नाही.

चाचणी कशी घेतात?

आधी अंतर स्वतंत्रपणे पक्के करावे लागते. सर्वेक्षणाच्या उपकरणाने मोजलेल्या अंतरांवर फलक उभारले, तरच रेंजफाइंडरची चूक कळते. दोन रेंजफाइंडरचे आकडे जुळले, एवढ्यावर भागत नाही, कारण दोन्ही सारखेच चुकत असू शकतात.

पुढची पायरी झोत नेमका कुठे पडतो, हे शोधण्याची. मागे मोकळे आकाश असलेला खांब निवडून ट्रायपॉडवरील उपकरण हळूहळू एका बाजूने त्याच्याकडे सरकवतात. आकडा कुठे दिसू लागला आणि कुठे थांबला, हे टिपले की झोताची खरी रुंदी कळते. मग हेच वरून-खाली करायचे. अनेकदा भिंगातली खूण एकीकडे आणि झोत थोडा दुसरीकडे असल्याचे त्यातून दिसते. हा फरक माहीत असेल तर नेम धरताना सांभाळून घेता येतो.

त्यानंतर एकाच लक्ष्यावर लागोपाठ ३० वेळा बटण दाबून किती वेळा आकडा मिळाला आणि तो किती हलला, याची नोंद करतात. एकदा लांबचा आकडा मिळाला म्हणजे पल्ला सिद्ध झाला, असे नाही. हेच दुपारी आणि संध्याकाळी, काळ्या आणि फिकट लक्ष्यावर, ट्रायपॉडवर आणि हातात धरून करायचे. समोर गवत असलेले लक्ष्यही घ्यावे लागते. अनेक उपकरणांत पहिली किंवा शेवटची वस्तू निवडण्याची सोय असते. तिचा उपयोग होतो की नाही, हे इथेच उघड होते.

डोंगराळ भागासाठी कोनाची तपासणी वेगळी. ३० अंशांच्या उतारावर सरळ अंतर ५०० मीटर असेल, तर आडवे अंतर ४३३ मीटरच भरते आणि गोळीची घसरण प्रामुख्याने त्यावर ठरते. कोन चुकला तर अंतर बरोबर असूनही नेम चुकतो.

अचूक अंतर कळले की प्रश्न सुटला?

नाही. रेंजफाइंडर वारा मोजत नाही. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा त्याच काडतुसाची गोळी ५५० मीटरवर पाऊण मीटरच्या आसपास बाजूला नेतो, आणि दरीपलीकडचा वारा शिकाऱ्याजवळच्या वाऱ्यासारखाच असेल याचा भरवसा नाही. शिवाय गोळीला ९०० मीटर जायला दीड सेकंदाहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात चरणारे हरीण सहज एक पाऊल टाकते. अंतराची अनिश्चितता यंत्र कमी करते. वारा, हालचाल आणि नेमबाजाचा हात यांची अनिश्चितता तशीच राहते.

नियम काय सांगतात?

थिओडोर रुझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबची भूमिका याबाबत स्पष्ट आहे. साधने आणि आपला नेम किती लांब पोहोचतो हे जिवंत जनावरावर तपासणे म्हणजे शिकार नव्हे, असे हा क्लब मानतो. किती मीटरपर्यंत योग्य, असा आकडा मात्र तो देत नाही.

राज्यांनी आपापल्या परीने रेषा आखल्या आहेत. आयडाहोत मोठ्या प्राण्यांच्या शिकारीसाठी रायफलला किंवा तिच्या दुर्बिणीला इलेक्ट्रॉनिक उपकरण जोडण्यास मनाई आहे. उजळणाऱ्या खुणांच्या दुर्बिणीला सूट आहे. दुर्बिणीसह १६ पौंडांहून, म्हणजे सव्वासात किलोंहून जड रायफलही तिथे चालत नाही. हातात धरायचा रेंजफाइंडर या बंदीत येत नाही. ॲरिझोनाने २०२२ पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेऱ्यांचा वापर बंद केला. वाद एका उपकरणाचा नाही, तर जनावराला निसटण्याची संधी किती उरते याचा आहे.

भारतात याचा उपयोग काय?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार भारतात शिकारीला बंदी आहे. अपवाद मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीसारख्या मोजक्या तरतुदींचा. तरीही रेंजफाइंडर आपल्या जंगलांत आहे, तो मोजणीसाठी. दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेत वनरक्षक ठरलेल्या रेषेवरून चालतात आणि दिसलेल्या चितळ-सांबरांचे अंतर व कोन नोंदवतात. त्यावरून भक्ष्य प्राण्यांची घनता काढली जाते. ताडोबा किंवा मेळघाटात बांबूच्या बेटामागे उभ्या सांबराऐवजी पलीकडच्या झाडाचे अंतर नोंदले गेले, तर पट्टा प्रत्यक्षाहून रुंद धरला जातो आणि घनता कमी भरते. त्यामुळे आकडा कोणत्या वस्तूवरून आला, हा प्रश्न इथेही तितकाच महत्त्वाचा ठरतो.

अमेरिकी शिकाऱ्यासाठी या चाचणीचा अर्थ सरळ आहे. हंगामापूर्वी फलकांवर केलेल्या नोंदींतून त्याला उपकरणाची आणि स्वतःची मर्यादा कळते. त्यापलीकडे जनावर दिसले, तर आणखी जवळ जायचे किंवा त्याला जाऊ द्यायचे.