नवऱ्याचा ओटीपी



हा लेख मी दोनदा टाइप केला. पहिल्यांदा सवयीच्या जुन्या फॉन्टमध्ये केला आणि दुसऱ्या संगणकावर उघडला, तर सगळ्या पानभर चौकोन आणि इंग्रजी चिन्हं. वेलांट्या कुठल्या कुठे गेलेल्या, ‘स्त्री’चा तर मागमूस नाही. चिडचिड झाली, मग हसू आलं. माझी एक दुपार वाया गेली, एवढंच. पण हेच यंत्र एखाद्या बाईला ओळखेनासं झालं की तिचं काय वाया जातं, ते आजऱ्यात पाहिलं आणि हसू मावळलं.

2025 चा नोव्हेंबर. भातकापणीचे दिवस. ‘लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी करायला बाया हातातली कामं टाकून कॉम्प्युटरवाल्याच्या दुकानासमोर रांगेत उभ्या होत्या. पडद्यावरचं चक्र गोल गोल फिरत होतं. कधी सर्व्हर बंद, कधी ओटीपी येईना. आला तर मोबाईल घरी, मुलाच्या खिशात. डोंगराकडच्या वाडीत तर रेंज मिळवायला टेकाडावर चढायचं आणि खाली उतरेपर्यंत त्या आकड्याची मुदत संपायची. एक दिवस मोडला म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली, हा हिशोब कुठल्याच पडद्यावर दिसत नाही.

माझ्याबरोबर पन्नाशीची एक बाई होती. नवरा कामासाठी मुंबईला गेला, तिकडेच दुसरं घर केलं. वडील वारले. ही भावाच्या परड्यात खोपट बांधून राहते, काजूच्या बिया सोलते. स्वतःचा आधार क्रमांक तिनं दिला, ओटीपीही आला. मग पडद्यानं पुढचा प्रश्न टाकला : पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक. आणि त्यांच्या मोबाईलवर येणारा ओटीपी.

ती म्हणाली, “ताई, त्येचा नंबर मला ठावं असता, तर त्येलाच गाठला नसता का गं?”

रांगेतल्या बाया हसल्या. तीही हसली. पण फॉर्म तिथंच अडला. पंचायतीचा दाखला आणते म्हणाली, तर दाखला जोडायला पडद्यावर जागाच नव्हती.

आता गंमत पाहा. 2024 च्या शासन निर्णयात पात्र कोण? विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्त्या आणि निराधार. ‘परित्यक्त्या’ हा शब्द तिथं आपोआप आलेला नाही. टाकलेल्या बायकांच्या परिषदा झाल्या, मोर्चे निघाले, ‘आम्हीही नागरिक आहोत’ हे वर्षानुवर्षं ओरडून सांगावं लागलं, तेव्हा तो सरकारी कागदात शिरला. कागदावर मिळवलेली ती जागा पडद्यावर एका चौकटीनं काढून घेतली. कुठला कायदा बदलला नाही, सभागृहात चर्चा झाली नाही. कुणीतरी फॉर्म तयार करताना गृहीत धरलं की प्रत्येक बाईमागे एक पुरुष असतो आणि त्याचा फोन चालू असतो.

ओरड झाल्यावर मुदत 18 नोव्हेंबरवरून 31 डिसेंबरपर्यंत वाढली. पती किंवा वडील हयात नसतील, घटस्फोट झाला असेल, तर मृत्यूचा दाखला किंवा न्यायालयाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्या, अशी सवलत आली. चांगलं झालं. पण टाकलेल्या बाईकडे कुठला दाखला असणार? नवरा मेलेला नाही, घटस्फोट झालेला नाही. तो नुसता नाही. आमच्या शेजारच्या गडहिंग्लज-निपाणी भागात देवदासींच्या संघटना सत्तरच्या दशकापासून लढत आल्या. ज्यांना नवरा नव्हताच, त्यांनी या चौकटीत काय लिहायचं?

आणि ज्या यंत्राला परित्यक्ता ओळखता आली नाही, त्याला पुरुष तरी ओळखता आले का? 2025 च्या जुलैमध्ये सरकारी छाननीतूनच बाहेर आलं की 14 हजारांहून अधिक पुरुषांच्या खात्यात बहिणींचे पैसे गेले. त्यांना कुणी बायकोचा ओटीपी मागितला नव्हता!

आणखी एक. घरात कुणी सरकारी नोकरीत नाही ना, असा नकारार्थी प्रश्न आणि खाली ‘होय’ किंवा ‘नाही’. कितीतरी बायांनी सरळ मनानं उत्तर दिलं आणि त्यांच्या घरात कागदोपत्री सरकारी नोकर निघाला. हप्ते अडकले. अखेर 2026 च्या जानेवारीत घरोघर जाऊन पडताळणी करायचं ठरलं. कुणी करायची? अंगणवाडी सेविकेनं. यंत्र चुकलं की निस्तरायला बाईच लागते. याच सेविकांनी 2021 च्या ऑगस्टमध्ये सरकारनं दिलेले, तापणारे, बंद पडणारे मोबाईल सरकारलाच परत केले होते आणि पोषण ट्रॅकर मराठीत द्या म्हणून मागणी केली होती. तेव्हा त्यांना ‘तंत्रज्ञानाला विरोध करणाऱ्या’ म्हटलं गेलं. विरोध तंत्रज्ञानाला नव्हता, न विचारता लादण्याला होता.

मीही संगणकाच्या विरोधात नाही. दीड हजार रुपये थेट बाईच्या खात्यात जमा होतात, मध्ये कुणाचा हात लागत नाही, याची किंमत मला कळते. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं पासबुक हातात घेतलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. म्हणूनच त्या पैशाच्या वाटेवर पुन्हा नवऱ्याला उभा केलेला पाहून जीव जळतो. नवरा ओटीपी देणार म्हणजे परवानगी देणार. ज्या बाईनं मारहाणीला कंटाळून घर सोडलं, तिनं त्याच दारात जाऊन मोबाईल मागायचा?

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातली थोरली बाई कुटुंबप्रमुख ठरवली. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव बापाच्या आधी लावायचं, हा याच राज्याचा निर्णय. मग 2025 साली त्याच बाईची ओळख पुरुषाच्या मोबाईलवर का टांगली? कुटुंबाचं उत्पन्न तपासायचं आहे, असं उत्तर मिळतं. तपासा ना. पण त्यासाठी गावात चौकशी करता येते, ग्रामसभेत यादी वाचता येते. बाईला अडवून ठेवण्याची गरज नाही.

आपल्या गटांनी दोन-तीन गोष्टी हाती घ्याव्यात असं वाटतं. बायकांसाठीचा कुठलाही फॉर्म पडद्यावर येण्याआधी तो एकल बायांच्या आणि अंगणवाडी सेविकांच्या बैठकीत भरून पाहिला पाहिजे. ‘परित्यक्ता’ ही स्वतंत्र चौकट हवी आणि तिला गावचा दाखला पुरेसा धरावा. यंत्र अडलं तर तालुक्याला एक माणूस बसलेला हवा, ज्याला तोंडानं सांगता येईल आणि जो लेखी पोच देईल. आणि तोवर कुणाचाही हप्ता थांबू नये. प्रत्येक गटानं आपापल्या गावात अशा अडलेल्या किती जणी आहेत त्यांची यादी करायला घ्यावी. यादी हातात असली की तहसीलदारापुढे बोलताना आवाज आपोआप चढतो.

माझा लेख मी फॉन्ट बदलून पुन्हा टाइप केला. त्या बाईला असा दुसरा फॉन्ट नाही. तिच्यासाठी पडदाच बदलावा लागेल, आणि तो बदलून घेणं आपलं काम आहे.