मिस्सेनंतरच्या सूचना

रविवारी, ३० नोव्हेंबर २०२५ रोजी, कॅथलिक चर्चचे नवे उपासनावर्ष सुरू झाले. बुलढाणा जिल्ह्यात ही बातमी कोणाच्या कानावर पडण्याची शक्यता त्या वर्षी नेहमीपेक्षाही कमी होती. मंगळवारी, २ डिसेंबरला नगरपरिषदांचे मतदान होते. चौकाचौकांत भोंगे, रिक्षांवर हात जोडलेले उमेदवार. खेड्यांत वेगळाच घोर. पावसाने सोयाबीनची दुर्दशा केली. जे हाती आले त्याला ५,३२८ रुपयांचा हमीभाव कागदावर होता आणि शेतकरी बाजार समितीत भलताच आकडा ऐकून परतत होता. कपाशीची वेचणी चालू होती आणि वेचायला माणूस मिळत नव्हता. या सगळ्या धांदलीत जांभळी वस्त्रे घातलेल्या एका धर्मगुरूने वेदीजवळ मांडलेल्या चार मेणबत्त्यांपैकी पहिली पेटवली आणि मोजक्या माणसांचा आगमनकाळ सुरू झाला. नाताळापर्यंतचे हे चार रविवार.

मोजकी म्हणजे किती? २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजारांच्या घरात होती आणि त्यात सर्व पंथांचे ख्रिस्ती धरूनही शंभरात एक भरत नव्हता. कॅथलिक त्यातलाही एक हिस्सा. तेरा तालुक्यांचा हा जिल्हा गर्दीला सरावलेला आहे. शेगावात गजानन महाराजांचा प्रकट दिन, होळीच्या सुमाराला सैलानीची यात्रा, १२ जानेवारीला सिंदखेडराजात जिजाऊंचा जन्मोत्सव: इथे लाखाखाली कोणी मोजतच नाही. कॅथलिकांनाही महाराष्ट्रात अशी गर्दी ठाऊक आहे. श्रीरामपूरजवळच्या हरेगावात सप्टेंबरात भरणाऱ्या मतमाउलीच्या यात्रेला दूरदूरच्या जिल्ह्यांतून माणसे येतात, नवस बोलतात, फेडतात. त्यात बिगर-ख्रिस्तीही पुष्कळ असतात. पण हरेगावचे माप बुलढाण्याला लावण्यात अर्थ नाही. विदर्भाच्या या टोकाच्या धर्मग्रामाला, म्हणजे पॅरिशला, गर्दी हे बळ कधी मिळाले नाही आणि मिळणारही नाही. त्याचे बळ दुसरीकडे आहे, आणि आमच्या मते ते मिस्सेच्या, म्हणजे रविवारच्या उपासनेच्या, अखेरीस वाचल्या जाणाऱ्या एका कागदात आहे.

शेवटच्या आशीर्वादाआधी फादर सूचना वाचतात. यजमानांच्या डोळ्यांसमोर तेव्हा घरचा स्वयंपाक असतो, पोरे चुळबुळत असतात आणि कोणाचे तरी लक्ष एसटीच्या वेळेकडे लागलेले असते. बुधवारी जपमाळ अमक्यांच्या घरी. नाताळची नऊ दिवसांची नवेना १६ तारखेपासून. कोणत्या संध्याकाळी कोणत्या घराने वाचने करायची. नाताळचा गोठा बांधायला तरुणांनी शनिवारी यावे, येताना कडबा आणावा. अंथरुणाला खिळलेल्यांना कम्युनियन पोचवायचे आहे, घरच्यांनी नावे द्यावीत. पहिल्या कम्युनियनचा वर्ग पुढच्या रविवारी होणार नाही, सिस्टर बाहेरगावी आहेत. अमक्याची मुलगी आणि तमक्याचा मुलगा यांचा विवाह ठरला आहे. कोणाची हरकत असल्यास कळवावे. मोठ्या शहरातल्या पॅरिशमध्ये हा सगळा उपचार असतो, छापील पत्रकात दिलेला असतो, ऐकला नाही तरी बिघडत नाही. इथे ऐकला नाही तर बुधवारी जपमाळेला तिघेच जमतात.

कारण इथे कॅथलिकांची वाडी नाही, आळी नाही. वसईत किंवा अहिल्यानगरच्या काही गावांत धर्मग्राम म्हणजे शेजार. आठवडाभर माणसे पाण्यावर, दुकानात, बांधावर भेटतातच. बुलढाण्यात एका फादरच्या वाट्याला दोन-दोन, तीन-तीन तालुके येतात. मोताळ्याकडून येणाऱ्याला राजूर घाट चढावा लागतो. रविवारी एका सतरंजीवर बसणारे सोमवारी वेगवेगळ्या गावांत असतात: पिढ्यान्पिढ्या इथलीच असलेली मराठी घरे, केरळहून आलेली परिचारिका, बदलीवर आलेला बँकेतला माणूस, मलकापूर-शेगाव पट्ट्यातले रेल्वेचे कुटुंब. यातल्या निम्म्यांची तीन वर्षांनी बदली होते आणि गायनमंडळातला एकुलता एक हार्मोनियमवाला त्यांच्याबरोबर जातो. अशा समाजाला एकत्र ठेवते ती पुढच्या आठवड्याची ठरलेली वेळ. कोणाच्या घरी, किती वाजता, कोणी काय आणायचे. धर्मशास्त्रातला शब्द हवा तर ‘सहभागिता’ म्हणावे. प्रत्यक्षात तो कडबा असतो.

हा धर्मग्राम ज्या अमरावती धर्मप्रांतात येतो त्याला २०२५ साली सत्तर वर्षे झाली. नागपूर महाधर्मप्रांतातून वेगळा काढून तो १९५५ साली स्थापन झाला. पहिले बिशप जोसेफ रोझारिओ पुढे नागपूरचे आर्चबिशप झाले. ते होते संत फ्रान्सिस द साल यांच्या नावाच्या मिशनरी संघाचे. या संघाचे फ्रेंच धर्मगुरू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून नागपूर मुलखात होते आणि नागपूरचे कॅथेड्रलही याच संताच्या नावाने उभे आहे. (हा संत पत्रकारांचा आश्रयदाता मानला जातो. तेव्हा अग्रलेख लिहिणाऱ्यांनी त्याच्या लोकांविषयी जरा जपून लिहिलेले बरे.) बिशपांचे गाव अमरावती बुलढाण्यापासून सुमारे दोनशे किलोमीटरवर. सत्तरीचे सोहळे तिकडे झाले, त्यांचे फोटो इकडे मोबाइलवर आले. गावोगावचे प्रचारक, सायकलवरून वाड्या फिरून धर्मशिक्षण देणारे मास्तर, मात्र कोणत्याही स्मरणिकेत फारसे सापडत नाहीत. त्यांच्या आठवणी सांगणारी म्हातारी माणसे अजून आहेत. सत्तरीच्या निमित्ताने प्रत्येक धर्मग्रामाने तेवढ्या जरी लिहून काढल्या तरी सोहळ्याचे चीज होईल.

दुसरा मुद्दा भाषेचा. योगायोग असा की आज वापरात असलेली मिस्सेची नवी पद्धत चर्चने अंमलात आणली तीही आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, ३० नोव्हेंबर १९६९ रोजी. त्याआधी सहा वर्षे, डिसेंबर १९६३ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला दार उघडून दिले होते. लॅटिन मागे पडली आणि फादरांनी लोकांकडे तोंड करून मराठीत बोलायला सुरुवात केली. मराठी ख्रिस्ती माणसाला ही भाषा परकी नव्हतीच. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ चे, ‘निरोप्या’ मासिक १९०३ चे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी अख्खे बायबल मराठीत आणले आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. रेव्हरंड टिळकांची भजने तर पंथाच्या भिंती केव्हाच ओलांडून गेली आहेत.

एवढी शिदोरी पाठीशी असताना छोट्या शहरांतल्या चर्चमध्ये सूचना हळूहळू इंग्रजीकडे किंवा मोडक्या हिंदीकडे सरकतात, हे आम्हाला खटकते. त्यामागची अडचण खरी आहे. फादर कर्नाटकातले, सिस्टर केरळच्या किंवा झारखंडच्या, समोर बसलेल्यांत चार भाषांचे लोक. सगळ्यांना कळावे म्हणून सोपे ते निवडले जाते. परप्रांतातून येऊन वऱ्हाडी कानाने ऐकत मराठी शिकणाऱ्या फादरांचे कौतुकच करायला हवे. पण शिकवायची जबाबदारी इथल्यांची. वाचन करणाऱ्या मुलीने यशया संदेष्ट्याचा उतारा आदल्या दिवशी घरी मोठ्याने वाचून यावे. नाताळची गाणी म्हणत दारोदार फिरणाऱ्या टोळीला मराठीतली चार गाणी चालीसकट पाठ असावीत. शेजारच्या काकू दार उघडून ऐकतात ते त्यांना समजायला नको का?

शेजारच्या काकूंना, खरे तर साऱ्या शहराला, चर्च ठाऊकच नसते. ठाऊक असते ते कॉन्व्हेंट. प्रवेशासाठी पालक रांग लावतात, ओळखी काढतात, आमदाराची चिठ्ठी आणतात. मैदानापलीकडच्या छोट्या देवळात रविवारी कोण जमते, काय करते याची चौकशी मात्र त्यांना करावीशी वाटत नाही. याला धर्मग्रामही कमी जबाबदार नाही. शाळेच्या फाटकावर रखवालदार, शाळेचा फलक मोठा, चर्चची पाटी त्याच्या आड. सूचना असतात त्या आतल्या भिंतीवर, म्हणजे ज्यांनी आधीच ऐकल्या त्यांच्यासाठी. नाताळच्या सकाळी केक घेऊन येणारे नगराध्यक्ष आणि ठाणेदार सोडले तर गावाचा पाय तिथे पडत नाही. शेगावच्या संस्थानातली सेवेकऱ्यांची शिस्त साऱ्या महाराष्ट्राने नावाजली. अनोळखी माणसाला ‘माउली’ म्हणून वाट दाखवण्याची ती रीत त्याच जिल्ह्यातल्या धर्मग्रामाने उचलायला काय हरकत आहे? २४ डिसेंबरच्या रात्री फाटकावर दोन तरुण उभे करावेत आणि गोठा पाहायला येणाऱ्यांना आत न्यावे. सोपे काम आहे, पण सूचनेच्या कागदावर आले तरच होईल.

हे अगत्याने सांगण्याला आणखी एक कारण आहे. नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन ८ डिसेंबर २०२५ ला सुरू झाले आणि धर्मांतराविरुद्ध कायदा आणण्याचे सूतोवाच राज्य सरकारने त्या वर्षभरात वारंवार केले होते. जबरदस्तीने किंवा फसवून कोणाचा धर्म बदलू नये, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. चर्चची स्वतःची शिकवणही तीच आहे. भीती वाटते ती कायद्याच्या मसुद्याआधी गावात पसरणाऱ्या संशयाची. कोणाच्या घरी संध्याकाळी दहा चपला दिसल्या की व्हिडिओ काढणारा एक जण हल्ली कुठेही उभा राहतो. इतर राज्यांत हे पाहून झाले आहे. राज्यघटनेचे पंचविसावे कलम पाठीशी आहे, ते असावेच. पण बुधवारी जपमाळ कोणाच्या घरी हे शेजाऱ्याला आधीपासून माहीत असेल, त्याला एखाद्या संध्याकाळी चहाला बोलावलेले असेल, तर तोच पुढे होऊन सांगतो की बाबा रे, हे दर वर्षीचे आहे. म्हणून सूचनांचा फलक बाहेर, रस्त्याच्या बाजूला लावावा, मराठीत, ठळक अक्षरात. लपवण्यासारखे त्यात काही नाही. कडब्याचा हिशेब तेवढा आहे.

रोमकडे पाहिले तर २०२५ चा आगमनकाळ मोठ्या घडामोडींचा होता. पोप फ्रान्सिस यांनी ‘आशेचे यात्रेकरू’ हे सूत्र देऊन सुरू केलेले २०२५ चे जयंतीवर्ष (ज्युबिली) ते स्वतः पूर्ण पाहू शकले नाहीत; २१ एप्रिलला ते गेले. त्यांच्यामागून ८ मे रोजी निवडले गेलेले पोप लिओ चौदावे ३० नोव्हेंबरच्या रविवारी तुर्कस्तान-लेबनॉनच्या दौऱ्यावर होते, इ.स. ३२५ च्या नायसिया परिषदेला सतराशे वर्षे झाली म्हणून. त्या परिषदेत पाया घातला गेलेला श्रद्धेचा अंगीकार बुलढाण्याच्या सतरंजीवरही रविवारी म्हटला जातो. जगभरच्या धर्मप्रांतांत जयंतीवर्षाची सांगता २८ डिसेंबरला होती, रोममध्ये ६ जानेवारीला. दोनशे किलोमीटर जाऊन अमरावतीच्या अशा सोहळ्यांना कोण हजर राहणार, गाडी करायची की रेल्वेने जायचे, हे आधीच ठरवले तर म्हाताऱ्यांनाही नेता येते.

आणि जानेवारीचे एक, सुरुवात मात्र मेणबत्त्यांपासून. वेदीजवळचे ते चार मेणबत्त्यांचे कडे मुळात कॅथलिक नाही. हॅम्बुर्गमध्ये अनाथ मुलांचे घर चालवणाऱ्या योहान विखेर्न या लुथरन पाळकाने १८३९ साली मुलांना नाताळापर्यंतचे दिवस मोजता यावेत म्हणून चाकावर मेणबत्त्या लावल्या. पुढे ती रीत कॅथलिकांनीही घेतली. बुलढाण्यात ही गोष्ट लगेच समजावी. इथे ख्रिस्ती नाव आधी रुजले ते अमेरिकेतून आलेल्या प्रोटेस्टंट अलायन्स मिशनमुळे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत अकोल्यात, खामगावात पोरक्या मुलांना आसरा दिला तोही त्याच मिशनने. त्या मुलांच्या वंशजांची घरे आज खामगाव-मलकापुरात आहेत. अलायन्सवाले आणि कॅथलिक एकमेकांच्या लग्नाला जातात, मयताला जातात, उपासनेला मात्र क्वचित. १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा जगात बहुतेक ठिकाणी पाळला जातो. बुलढाणा जिल्ह्यात त्यातली एक संध्याकाळ अलायन्सच्या देवळात आणि एक कॅथलिकांच्या देवळात व्हावी. पाळकसाहेबांना पत्र कोणी लिहायचे आणि ते हाती कोणी नेऊन द्यायचे, हे आगमनकाळातल्या सूचनांतच वाचले गेले पाहिजे. नाताळानंतर कोणाला सवड नसते.