‘मला मान्य नाही’ म्हणण्याची किंमत

खंडेनवमीच्या सकाळी मालमोटारींच्या तळावर एकदा तरी जाऊन यावे. वर्षभर धूळ, चिखल आणि डिझेलचा धूर अंगावर वागवणाऱ्या त्या अजस्र गाड्या त्या दिवशी धुऊनपुसून उभ्या असतात. दर्शनी भागावर झेंडूच्या माळा, काचेवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. ज्या साधनावर पोट चालते त्याला हात जोडण्याची ही रीत कोणत्याही व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकातून आलेली नाही. नाशिक जिल्ह्यातील अशाच एका तळावर पूजेचे निमंत्रण होते. प्रसाद घेऊन निघालो, तोच चाळिशीतला एक चालक जवळ आला आणि त्याने आपला मोबाइल पुढे केला. “साहेब, तुम्ही पेपरात लिहिता ना? एवढं वाचून सांगा बरं.”

ते ई-चलान होते. हजार किलोमीटरहून अधिक दूरच्या, परराज्यातील एका जिल्ह्याचे. गुन्हा अतिवेगाचा, दंड दोन हजार रुपये. त्या तारखेला त्याची गाडी लासलगावच्या बाजारात कांदा भरण्यासाठी रांगेत उभी होती. बाजार समितीची पावती त्याच्याजवळ होती आणि फास्टॅगच्या नोंदीही तेच सांगत होत्या. क्रमांकाच्या पाटीतील एखादा आकडा यंत्राने चुकीचा वाचला असावा, हे कोणाही शहाण्या माणसाच्या लक्षात यावे.

“अहो, मग हे चुकीचे आहे असे कळवा ना!” मी म्हणालो.

“कळवलं की तिकडच्या कोर्टात जावं लागतंय म्हणे. दोन हजारांसाठी आठवडाभर गाडी उभी करू का साहेब? आन् मालकानं तर माझ्या उचलीतून पैसे कापून बी घेतले.”

यावर देण्यासारखे उत्तर त्या क्षणी माझ्याजवळ नव्हते. नंतर काही वकील मित्रांशी बोललो, कायद्याची कलमे वाचली, आणि त्या चालकाचा हिशेब अचूक होता हे कळले. वाहतुकीच्या चलानांसाठी आता अनेक राज्यांत आभासी न्यायालये आहेत. तेथे संगणकाच्या पडद्यावर दोन वाटा दाखविल्या जातात. दंड मान्य असेल तर तेथल्या तेथे भरावा आणि मोकळे व्हावे. मान्य नसेल तर प्रकरण त्या त्या हद्दीतील नेहमीच्या न्यायालयाकडे वर्ग होते. पहिली वाट दोन मिनिटांची, तर दुसरी अनोळखी शहराची, अनोळखी भाषेची आणि तारखांची. जेथे अपराध मान्य करणे स्वस्त आणि निरपराध असल्याचे सांगणे महाग, तेथे किती चलाने ‘मान्य’ झाली या आकड्यावरून किती चालक दोषी होते याचा अंदाज बांधणे हा शुद्ध भाबडेपणा ठरेल.

लासलगावचा कांदा कोलकात्याला जातो तो मार्ग डोळ्यांपुढे आणा. धुळे, जळगाव, नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर. महाराष्ट्र, छत्तीसगढ, ओडिशा, झारखंडचा एक कोपरा आणि पश्चिम बंगाल अशी पाच राज्ये तो चालक एका खेपेत ओलांडतो. पाच राज्यांची पाच पोलीस दले, पाच परिवहन खाती, चार भाषा. आपण ‘आसेतुहिमाचल भारत एक’ असे अभिमानाने म्हणतो, आणि ते सत्यच आहे. ते सत्य दररोज आपल्या चाकांनी मोजणारा माणूस मात्र प्रत्येक सीमेवर परका ठरतो, ही गोष्ट मनाला लागल्याशिवाय राहत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्याच कायद्यात आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला, तो जेथे राहतो वा कामधंदा करतो तेथेच, तक्रार दाखल करण्याची मुभा दिली. चेन्नईच्या कंपनीचा मिक्सर बिघडला तर निफाडच्या गृहिणीला चेन्नईला जावे लागत नाही. ती नाशिकच्या ग्राहक आयोगाकडे जाते, तीही वकिलाविना. ही जाणीव या देशात आपोआप आलेली नाही. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली तेव्हापासूनच्या कार्यकर्त्यांच्या चिवट खटपटीचा त्यात मोठा वाटा आहे. मग मिक्सरसाठी जे शक्य झाले ते माणसाच्या रोजीसाठी का शक्य होऊ नये? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३० ने खटल्याचे कामकाज दृक्‌श्राव्य माध्यमातून चालविण्याची दारे उघडली आहेत. चालकाने आपल्या तालुक्याच्या न्यायालयातील पडद्यासमोर उभे राहावे आणि दूरच्या न्यायाधीशांनी त्याचे म्हणणे ऐकावे, यास आता कायद्याची अडचण उरलेली नाही. अडचण आहे ती ही मागणी नेटाने लावून धरणाऱ्यांची.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. प्रस्तुत लेखक बेदरकार चालकांचा कैवार घेऊन उभा नाही. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो. अनेक युद्धांतही एवढी माणसे मरत नाहीत. मद्य पिऊन गाडी हाकणाऱ्यास, चुकीच्या दिशेने ट्रक घालणाऱ्यास कठोर शासन झालेच पाहिजे. परंतु दंड योग्य माणसाला झाला तरच त्याला न्याय म्हणावयाचे.

अधिभाराचे उदाहरण घेऊ, कारण मालवाहतुकीतील खरा मोठा दंड तोच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ अन्वये पूर्वी दोन हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास एक हजार असा दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो वीस हजार आणि प्रत्येक टनास दोन हजार असा झाला. पाच टन माल जास्त सापडला की तीस हजार रुपये. शिवाय जास्तीचा माल उतरविल्याखेरीज गाडी हलत नाही, आणि हमाली वेगळी. हे योग्यच आहे. दंड भरा आणि तोच बोजा घेऊन पुढे चला, हा प्रकार सर्वोच्च न्यायालयाने परमजित भसीन खटल्यात २००५ सालीच अमान्य केला होता. परंतु गाडीत किती माल भरायचा, हे ठरवतो कोण? व्यापारी भाडे पाडून देतो, मोटारमालक हप्त्याच्या चिंतेत ते स्वीकारतो, ट्रान्सपोर्टवाला बिल्टीवर आपल्याला हवा तो आकडा लिहितो. चालक नाही म्हणाला तर दुसरा चालक तयारच असतो. कायद्याचे शब्द पाहिले तर ते व्यापक आहेत. गाडी चालविणारा तर दोषी आहेच, पण ती तशी चालवावयास लावणारा आणि चालू देणाराही दोषी आहे. प्रत्यक्षात रात्री दोन वाजता वायुवेग पथकासमोर उभा असतो तो एकटा चालक. व्यापारी गादीवर झोपलेला असतो.

आपल्या पूर्वजांना हा भेद कळत होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील ‘कंटकशोधन’ या चौथ्या अधिकरणात गाडीखाली कोणाला इजा झाल्यास दंड कोणाला, याचा विचार आहे. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, गाडी मागे सरकली, तर दंड नाही. हाकणारा अल्पवयीन असेल तर गाडीत बसलेला मालक दंडास पात्र. म्हणजे गाडी कोणाच्या हातात आहे एवढेच न पाहता, दोष कोणाकडे जातो हे पाहण्याची दृष्टी त्या काळी होती. कॅमेऱ्याला ती दृष्टी नाही. म्हणून तर माणसाने मध्ये असावयास हवे.

बरे, चालकाच्या हाती कायद्याने काहीच दिलेले नाही असेही नाही. दिलेले पुष्कळ आहे, त्याला सांगितलेले काही नाही. पोलिसाने परवाना जप्त केला तर कलम २०६ नुसार तात्पुरती पोच देणे त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि त्या पोचेवर मुदतीपर्यंत गाडी चालविता येते. किती चालक ती मागून घेतात? अधिभाराचा संशय आला तर अधिकृत अधिकारी गाडी काट्यावर न्यावयास सांगू शकतो. परंतु कलम ११४ ने त्यालाही मर्यादा घातली आहे. पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरच्या आत, किंवा मुक्कामापासून वीस किलोमीटरच्या आत असलेला काटा. नुसत्या नजरेने टन मोजता येत नाहीत, तेव्हा काट्याची पावती मागण्यात काहीही उद्धटपणा नाही. कागदपत्रे डिजीलॉकरवर दाखविली तर ती ग्राह्य धरली जावीत, हे २०१८ मध्येच नियमात आले. कॅमेऱ्यांविषयी २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने केलेल्या नियमांत यंत्रास प्रमाणपत्र हवे, त्याचे दरवर्षी नूतनीकरण हवे, रस्त्यावर सूचनेचा फलक हवा आणि पंधरा दिवसांत नोटीस हवी, अशा अटी घातल्या गेल्या. संगणकीय पुराव्यास जोडावयाचे प्रमाणपत्र हा तर वकिलांच्या रोजच्या परिचयाचा विषय.

सर्वांत गमतीचे कलम २०८. ज्या गुन्ह्यांना कारावास नाही अशांच्या समन्सवर न्यायालयाने हे लिहिलेच पाहिजे की, आरोपी स्वतः वा वकिलामार्फत हजर राहू शकतो, किंवा मनिऑर्डरने रक्कम पाठवून तिच्या कुपनावरच गुन्हा कबूल करू शकतो. १९८८ साली कायदा करणाऱ्यांच्या मनात दूरचा, गरीब आरोपी होता, एवढे तरी त्या कुपनावरून दिसते. ‘वकिलामार्फत’ हा शब्दही तेथे आहे. पण हा वकील आणावा कोठून?

१९७६ च्या दुरुस्तीने घटनेत आलेल्या अनुच्छेद ३९-अ ने गरिबास मोफत विधी साहाय्य देण्याचे दायित्व राज्यावर टाकले आहे. त्यासाठी १९८७ चा कायदा झाला, राष्ट्रीय पातळीपासून तालुक्यापर्यंत विधी सेवा प्राधिकरणे व समित्या उभ्या राहिल्या. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणारा कोणीही नागरिक तेथे हक्काने जाऊ शकतो. मात्र ही कार्यालये न्यायालयाच्या आवारात असतात आणि न्यायालयाच्या वेळेत उघडी असतात. चालक त्या वेळी घाटात असतो. उरते ती लोकअदालत. तिचा लाभ अनेकांनी घेतला आहे आणि ती व्यवस्था चांगली आहे. तथापि लोकअदालतीत तडजोड होते. दंड कमी होतो, पण ‘ही गाडी तेथे नव्हतीच’ या म्हणण्याचा निवाडा होत नाही. निरपराध माणसाला पन्नास टक्के सवलत दिली तरी तो अर्धा अपराधी ठरतोच की!

अशा वेळी पोकळीत भय शिरते. २०२४ च्या जानेवारीत देशभरातील चालकांनी एकाएकी गाड्या थांबविल्या आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, ते आठवत असेल. भारतीय न्याय संहितेतील कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमावरून तो संप झाला. अपघातात मृत्यू घडवून, पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना न कळविता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा, अशी ती तरतूद. हेतू निर्मळ होता. पण कोणत्याही अपघाताला दहा वर्षे तुरुंग अशी आवई ढाब्याढाब्यावर पसरली. थांबलो तर जमाव मारील, पळालो तर सरकार, या कात्रीत सापडलेल्या माणसाला जवळच्या ठाण्यात जाऊन वर्दी दिली तरी पुरे, हे कोणी समजावून सांगितले नाही. शेवटी १ जुलै २०२४ रोजी नवी संहिता लागू झाली तेव्हा तेवढे पोटकलम वगळून ती लागू करावी लागली. २०२५ च्या जुलैमध्ये महाराष्ट्रातील मालवाहतूकदारांनी ई-चलानांविरुद्ध संप पुकारला. लाल बावटेवाल्यांना असा असंतोष हवाच असतो. आपण त्यांना नावे ठेवतो, पण त्या ढाब्यावर आपला माणूस कोठे होता, हा प्रश्न स्वतःस विचारावयास नको काय?

दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ साली भारतीय मजदूर संघ स्थापिला, आणि १९९२ साली अखिल भारतीय अधिवक्ता परिषदेच्या स्थापनेमागेही तेच होते. कामगार आणि वकील या दोहोंची संघटना एकाच द्रष्ट्याने उभारावी, हा योगायोग नव्हे. या दोन्हींचे कार्यकर्ते आज अनेक जिल्ह्यांत आहेत, संबलपुरातही आहेत आणि नाशिकातही. निफाडच्या चालकाचे वकीलपत्र संबलपूरच्या कार्यकर्त्या वकिलाने घ्यावे, आणि तिकडच्या चालकाचे भिवंडीत आपल्या कोणी घ्यावे, यासाठी नवी संस्था, इमारत वा निधी लागत नाही. एक दूरध्वनी यादी लागते, आणि तळावर आठवड्यातून एक संध्याकाळ बसण्याची तयारी. चलान चुकीचे असेल तरच लढावे. दोषी असलेल्यास ‘बाबा रे, भरून टाक आणि पुन्हा करू नकोस’ असे सांगण्याचे धैर्यही त्या वकिलाजवळ असले पाहिजे. नाहीतर पळवाटा शोधून देणाऱ्यांची या व्यवसायात आधीच वाण नाही. मोटारमालकांशीही बोलावे लागेल. कामगाराची बाजू ऐकल्याविना त्याच्या वेतनातून कपात करू नये, हे तत्त्व १९३६ च्या वेतनप्रदान कायद्यापासून आपल्याकडे मान्य आहे, हे त्यांतील बहुतेकांच्या गावीही नसते.

त्या चालकाला मी एका वकील मित्राचा क्रमांक दिला होता. पंधरा दिवसांनी मित्राकडे चौकशी केली. फोन आला होता, पण उशिरा. गाडीच्या तंदुरुस्ती प्रमाणपत्राची मुदत संपत आली होती, थकीत चलान असले की काम अडते असे मालकाने बजावले, आणि त्याने एका पंपावर उभ्या उभ्या मोबाइलवरून दोन हजार रुपये भरून टाकले होते. बाजार समितीची पावती मात्र त्याने अजून जपून ठेवली आहे, असे मित्र म्हणाला.