ठेका आपला, यंत्रही आपल्या हाती

१४ एप्रिल जवळ आला की वस्तीतली पोरे डीजेच्या गाडीमागे पळतात. वडीलधारी मंडळी कपाळाला हात लावतात. पण त्यातलाच एखादा मुलगा किंवा मुलगी विचारते, "हे संगीत बनवतात कसे?" आम्हाला हा प्रश्न मोलाचा वाटतो. नाचणारे आपल्यात पुष्कळ आहेत, बनवणारे वाढले पाहिजेत.

या संगीताचा इतिहास आपल्या मुलांना सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतील शिकागो शहरात १९७७ साली वेअरहाउस नावाचा क्लब निघाला. तेथे फ्रँकी नकल्स हा कृष्णवर्णीय कलावंत तबकड्या वाजवी. 'हाउस' संगीताचे नाव या क्लबावरूनच पडले, असे मानतात. जपानच्या रोलँड कंपनीची ठेक्याची व बेसची यंत्रे तेव्हा बाजारात फारशी चालली नाहीत. ती जुनी होऊन स्वस्तात मिळू लागली आणि कृष्णवर्णीय तरुणांनी त्यांतून नवे संगीत उभे केले. मुंबईचे वादक चरणजितसिंग यांनी तर १९८२ सालीच तसल्या यंत्रांवर राग वाजवून तबकडी काढली होती.

आज ते यंत्रही विकत घ्यावे लागत नाही. घरी संगणक असेल तर 'एलएमएमएस' हा कार्यक्रम फुकट मिळतो. मोबाइलवर 'बँडलॅब' चालते. महागड्या सामानासाठी कर्ज काढू नये. साधा हेडफोन पुरे, तोही बेताच्या आवाजात.

सुरुवात अशी करावी. वेग मिनिटाला १२५ ठोके ठेवा. पडद्यावर सोळा घरांची ओळ दिसेल. १, ५, ९ आणि १३ या घरांत किक, म्हणजे मोठ्या ढोलाचा ठोका टाका. ५ आणि १३ मध्ये टाळी, तर ३, ७, ११ आणि १५ मध्ये झांजेचा आवाज भरा. झाला हाउसचा ठेका! गायन पार्टीत ज्याने केरवा वाजवला आहे, त्याला हे हिशेब चटकन कळतील. मग दोन-तीन सुरांचा बेस जोडा. दर आठ आवर्तनांनी काहीतरी एक वाढवा किंवा काढा, म्हणजे ऐकणारा कंटाळत नाही. अभ्यास सांभाळून रोज एक तास दिला तरी चालेल. पहिली दहा गाणी कच्चीच होणार. ती पुरी करावीत.

एक गोष्ट मात्र आम्ही आग्रहाने सांगतो. वामनदादा कर्डकांसारख्या कवींनी गावोगाव फिरून शब्दांतून समाज जागा केला. भीमगीताला ठेका देताना ते शब्द ढोलाखाली गाडू नका. गाणारा गातो तेथे किक आणि बेस खाली आणा. शब्द कळत नसतील तर मिरवणुकीत फक्त धडधड उरते.

तसेच दुसऱ्याचे ध्वनिमुद्रण न विचारता उचलू नये. वस्तीतल्या एखाद्या गायिका ताईंना विनंती करा, त्यांचा आवाज मोबाइलवर घ्या आणि गाण्यावर त्यांचे नाव घाला. कष्टाचे श्रेय ज्याचे त्याला मिळावे, हीच आपली शिकवण आहे.

पालकांनी मुलांना रागावण्याआधी हेडफोन कानाला लावून एकदा ऐकावे. पुढच्या जयंतीला आपल्या वस्तीच्या गाडीवर आपल्याच लेकराने बांधलेले गाणे वाजावे, असे आम्हाला वाटते.

जयभीम!