लपवण्यासारखं काय आहे, म्हणून विचारणाऱ्यांना

'ज्याच्या मनात पाप नाही त्याला लपवायचं काय कारण?'

हे वाक्य मी आजवर चौघांच्या तोंडून ऐकलं. ठेकेदाराच्या सुपरवायझरच्या, एका हवालदाराच्या, कॉलेजात समाजशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाच्या आणि आपल्याच वस्तीतल्या एका पुढाऱ्याच्या. चौघांचा पगार वेगळा, जात वेगळी, वाक्य मात्र एकाच छापखान्यातलं.

साहेब, तुमच्या घराला दार आहे. दाराला आतून कडी आहे. खिडकीला पडदा आहे. बाथरूमला वेगळं दार, देवघराला वेगळं दार, तिजोरीला वेगळी किल्ली. तुमच्या अख्ख्या संस्कृतीत सोवळं म्हणजे काय, तर आमची नजर पडू नये याची व्यवस्था. आणि आम्ही दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं झोपणाऱ्यांनी फोनला कुलूप लावलं, की तुम्हाला पापाचा वास येतो.

आमच्या बापजाद्यांना काही झाकून ठेवू दिलंत कधी? पेशवाईत पुण्यात अस्पृश्याने कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं बांधून फिरायचं, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय. माणूस लांबून दिसला की त्याची जात कळलीच पाहिजे अशी तजवीज होती ती. आज मडकं गेलं, आडनाव आलं. ठाण्यात-कल्याणात खोली बघायला जा, भाड्याच्या आधी आडनाव विचारतात. आडनाव कळलं की खोली कालच दिलेली असते. बाबुराव बागुलांच्या १९६३ च्या कथासंग्रहाच्या नावातच 'जात चोरली' असे शब्द आहेत. आपली स्वतःची जात, आणि ती सांगितली नाही तर चोरी! जगात दुसऱ्या कुणाला स्वतःच्या मालकीची वस्तू खिशात ठेवल्याबद्दल चोर म्हणतात?

आणि फोनचंच बोलायचं तर २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून एका पोराला ठार मारलं. खिशातल्या फोनने त्याची जात सांगितली, बस. तेव्हा आमच्या फोनमध्ये काय आहे ते आम्ही कुणाला दाखवायचं आणि कुणाला नाही, हा आमच्यासाठी जिवाचा प्रश्न आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. नऊ न्यायाधीश बसावे लागले. आमच्या आज्या हे चुलीपाशी बसून सांगत होत्या.

आता माझ्या डॉकवर या. मी वडप्याला गोडाऊनच्या डॉकवर माल चढवतो-उतरवतो. नाशिक हायवेच्या दोन्ही बाजूंना पत्र्यांची गोडाऊनं, पुढे आमण्याला समृद्धी महामार्ग येऊन टेकलेला, त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. अख्ख्या मुंबईचं ऑनलाइन मागवलेलं सामान या पट्ट्यातून जातं. मुंबईवाल्याचा शाम्पू, चड्डी, कुत्र्याचं बिस्कीट, सगळं आमच्या खांद्यावरून. मॅट्रिकच्या पुढे शिकायला मिळालं नाही. पण माल कुठून येतो, कुठे जातो आणि रजिस्टरात कोण काय लिहितो, हे मला कुठल्याही इंजिनियरपेक्षा नीट समजतं.

तेव्हा व्हीपीएन म्हणजे काय ते डॉकच्या भाषेत ऐका.

तुम्ही फोनवरून काही उघडता, तेव्हा तुमचा ट्रक गेटमधून बाहेर पडतो. गेटवर वॉचमन, म्हणजे जिओ किंवा एअरटेल. पूर्वी ट्रक उघडा असायचा, वॉचमनला आतला माल दिसायचा. आता बहुतेक साइट एचटीटीपीएसवर चालतात, म्हणजे माल सीलबंद. पण चलनावर पत्ता लिहिलेला आहे. आत काय आहे ते दिसत नसलं तरी ट्रक कुणाकडे चालला ते वॉचमन वाचतो आणि लिहून ठेवतो. सरकारने त्याला यादी दिली की अमुक पत्त्याचा ट्रक सोडू नको, तर तो बॅरिकेड टाकतो. ब्लॉक करणं म्हणतात ते हे.

व्हीपीएन काय करतं? अख्खा ट्रकच दुसऱ्या बंद कंटेनरमध्ये घालतं आणि चलनावर एकच पत्ता टाकतं, मधल्या एका गोडाऊनचा. वॉचमनला तेवढंच दिसतं. त्या गोडाऊनमध्ये कंटेनर उघडतो आणि ट्रक खऱ्या पत्त्यावर जातो, पण आता त्या गोडाऊनच्या नावाने. पलीकडच्याला वाटतं माल नेदरलँडमधून आला. प्रॉक्सी हा याचा धाकटा भाऊ. तो दलालासारखा तुमच्या वतीने जाऊन माल आणून देतो, पण बऱ्याचदा कंटेनरचं सील नसतं. अडवलेलं पान बघायला चालेल, जिवावरच्या गोष्टीला नको.

डॉकवरच्या कुठल्याही पोराला यात लगेच एक शंका येईल. मधल्या गोडाऊनचा मालक कोण? वॉचमनच्या नजरेतून सुटलो ते ठीक, पण आता सगळं रजिस्टर या नव्या शेटकडे गेलं. बरोबर. व्हीपीएनची जाहिरात करणारे हे कधी सांगत नाहीत. यूट्यूबवर गुळगुळीत गालाची पोरं सांगतात, हे घ्या आणि सुरक्षित व्हा. साला, दंतमंजन विकल्यासारखं.

फुकटच्या व्हीपीएनचं तर विचारू नका. फेसबुकने २०१३ साली ओनावो नावाची इस्रायली कंपनी विकत घेतली. तिचं फुकट व्हीपीएन 'तुमची माहिती सुरक्षित ठेवतो' म्हणत फोनमध्ये शिरायचं आणि तुम्ही कुठली ॲप किती वेळ वापरता ते फेसबुकला कळवायचं. २०१८ मध्ये अॅपलने ते दुकानातून काढायला लावलं. २०२३ च्या जुलैत ऑस्ट्रेलियातल्या कोर्टाने त्यावरून मेटाच्या कंपन्यांना दोन कोटी डॉलरचा दंड केला. चौकीदारच चोर, आणि गणवेश आपण स्वतः त्याच्या अंगावर चढवलेला. आपल्या वस्तीत दहातल्या सहा पोरांच्या फोनमध्ये असलं काहीतरी फुकटचं असतं, कुणी क्रिकेट बघायला टाकलेलं, कुणी आणखी कशाला. ते मला विचारायचं नाही.

पण सरकारला फुकट्या व्हीपीएनची चिंता नाही. त्याला चिंता आहे ती रजिस्टर न ठेवणाऱ्या गोडाऊनची. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने फर्मान काढलं: व्हीपीएन कंपन्यांनी गिऱ्हाइकाचं खरं नाव, पत्ता, फोन, त्याला दिलेला आयपी पत्ता, आणि तो हे कशासाठी वापरतो, एवढं लिहून ठेवायचं. गिऱ्हाईक सोडून गेल्यावरही पाच वर्षं. एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्ड, सर्फशार्क, प्रोटॉन यांनी त्या वर्षी भारतातली आपली यंत्रं उचलून नेली. २०२५ च्या जानेवारीत सरकारच्या हुकमावरून काही व्हीपीएन ॲप गुगल आणि अॅपलच्या दुकानातून काढली गेली, क्लाउडफ्लेअरचं १.१.१.१ सकट.

आणि यातली खरी गंमत ऐका. त्याच फर्मानाचा खुलासा करताना सरकारने सांगितलं की कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला हा नियम नाही. म्हणजे पवईतल्या काचेच्या इमारतीत बसणारा साहेब रोज सकाळी व्हीपीएन लावून कामाला बसतो, त्याची ती 'डेटा सिक्युरिटी'. मी लावलं तर 'कशासाठी वापरतो' ते लिहून द्यायचं. भांडवलाचा खाजगीपणा पवित्र, माणसाचा संशयास्पद. मनूला सर्व्हर रूम दिली असती तर त्याने याहून वेगळं काय लिहिलं असतं?

देशात व्हीपीएन वापरणं सरसकट गुन्हा नाही, हे लक्षात ठेवा. कुणी हवालदार दम देत असेल तर कलम विचारा. फक्त जम्मू-काश्मीरमध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी बंदीचे हुकूम काढलेत. २०२५ च्या मे महिन्यातही काढले. तिथे २०२० साली नेट परत आलं ते टू-जी, आणि सरकारने यादीत घातलेल्या साइटींपुरतं. पोरं व्हीपीएनने बाहेर पडली, तर त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले. गावकुसाबाहेर जायला बंदी नाही, गावात यायला बंदी, हे आपण ऐकून होतो. तिथे भिंत उलटीकडून बांधली.

काही मित्र म्हणतात, आपल्याला काय करायचंय, आपण कुठे बंद साइट बघतो? दोस्ता, बंद काय आहे हे तुला कोण सांगतं? आयटी कायद्याच्या ६९-अ कलमाखाली हुकूम निघतो, आणि २००९ च्या नियमांतल्या १६ व्या नियमाने तो गुप्त ठेवायचा असतो. ज्याचं तोंड दाबलं त्यालाही बऱ्याचदा कागद मिळत नाही. २०२३ च्या जानेवारीत गुजरात दंगलीवरची बीबीसीची फिल्म अडवली, तेव्हा मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटच्या पोरांनी लॅपटॉपवर लावून बघितली. ८ मे २०२५ ला एक्स कंपनीने सांगितलं की सरकारने आठ हजारांवर खाती भारतात बंद करायला लावलीत, आणि बहुतेकांच्या बाबतीत कुठल्या मजकुराने कायदा मोडला ते सांगितलेलंच नाही.

आणि आपलं तोंड दाबायला आधी कायदा तरी लागत होता का? १९२० साली 'मूकनायक' निघालं, तेव्हा 'केसरी'ने पैसे मोजूनही त्याची जाहिरात छापली नाही. ना ६९-अ, ना ब्लॉक. नुसतं 'जागा नाही'. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी घडलं. मोठ्या वर्तमानपत्रांना नीट बातमी द्यायला आठवडे लागले, तोवर आपली माणसं सत्यशोधन अहवाल ईमेलने आणि ब्लॉगवरून फिरवत होती. ज्यांच्याकडे छापखाना आहे, च्यानल आहे, संपादक मेहुणा आहे, त्यांचं नेट बंद झालं तर करमणूक जाते. आपलं नेट बंद झालं तर साक्ष जाते.

इथून पासष्ट-सत्तर किलोमीटरवर पालघर आहे. २०१२ च्या नोव्हेंबरात बाळ ठाकऱ्यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, एवढं एका पोरीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने लाइक केलं, दोघींना अटक. त्यानंतरच्या याचिकेतून २४ मार्च २०१५ ला ६६-अ कलम रद्द झालं. कलम मेलं, पण ते लावणारे हात नोकरीत आहेत.

आता व्हीपीएनचा उदोउदो करणाऱ्यांनाही दोन शब्द. गेटच बंद केलं तर कंटेनर काय कामाचा? २०२३ च्या जूनमध्ये कोल्हापुरात नेट बंद केलं, तेव्हा जगातलं सगळ्यात महागडं व्हीपीएनसुद्धा विटेसारखं पडून होतं. तुम्ही व्हीपीएन लावून स्वतःच्याच नावाने गुगलमध्ये लॉगिन असाल, तर गुगलला तुमचा बाप माहीत आहे. सिमकार्ड आधारने घेतलंय, टॉवर तुम्हाला रात्रंदिवस मोजतोय, व्हीपीएनचा त्याच्याशी संबंध नाही.

आणि चोर जर गोडाऊनच्या आतच शिरला असेल तर? भीमा-कोरेगावच्या खटल्यात रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमधली पत्रं पुरावा म्हणून आली. बोस्टनच्या आर्सेनल कन्सल्टिंगने २०२१ च्या फेब्रुवारीत अहवाल दिला: नेटवायर नावाचं हेरगिरीचं सॉफ्टवेअर त्या लॅपटॉपमध्ये ईमेलमधून शिरलं, बावीस महिने आत होतं, आणि ती पत्रं बाहेरून ठेवली गेली. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या कॉम्प्युटरबद्दलही तेच. एनआयएने हे मानलं नाही. 'विद्रोही'चे संपादक, कवी सुधीर ढवळे यांना २०१८ च्या जूनमध्ये उचललं, बाहेर आले २०२५ च्या जानेवारीत. साडेसहा वर्षं. २०१९ साली आनंद तेलतुंबड्यांना व्हॉट्सअॅपनेच कळवलं होतं की तुमचा फोन पेगॅससचं लक्ष्य होता. विचारा आता, लपवण्यासारखं काय आहे! जे तुमच्याकडे नव्हतंच ते तुमच्याकडे आणून ठेवतात.

खाली उतरून बोलायचं तर आमच्या ठेकेदाराने गेल्या वर्षी हजेरीचं ॲप टाकायला लावलं. त्याला फोटो पाहिजे, लोकेशन पाहिजे, कॉन्टॅक्ट पाहिजेत. माथाडी बोर्डात नाव घालायला सांगितलं तर म्हणतो कागद कमी आहेत. सहा डिसेंबरला आजारी म्हणून दांडी मारलेल्या तिघांना सात तारखेला विचारलं, 'दादरला गर्दी किती होती?' यावर कुठलं व्हीपीएन? यावर युनियन. जीपीएस व्हीपीएनने झाकलं जात नाही, हेही अनेकांना माहीत नाही.

मग करायचं काय? ज्याला पैसे परवडतात त्याने बाहेरून तपासणी करून घेणाऱ्या कंपनीचं व्हीपीएन घ्यावं. प्रोटॉनची फुकटची खिडकी पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकांच्या जिवावर चालते, ती चालेल. पण हीच प्रोटॉन २०२१ साली स्विस हुकमापुढे झुकली, आणि तिच्या मेल सेवेने फ्रान्समधल्या एका चळवळ्याचा आयपी पत्ता दिला, हे विसरू नका. टॉर ब्राउझर संथ आहे, पण त्यात तीन गोडाऊनं लागतात. पहिल्याला माल कुणाचा ते ठाऊक, शेवटच्याला कुठे चालला ते ठाऊक, दोन्ही कुणालाच ठाऊक नाही. जन्म अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतला, असू दे. सूट-बूटही इंग्रजांचाच होता. बोलायला सिग्नल, मेसेज आपोआप पुसणारं सेटिंग लावून. फोनला बोटाऐवजी लांब पिन. अनोळखी जोडपत्र उघडायचं नाही, ओळखीच्याचं आलं तर आधी फोन करून विचारायचं. विल्सन यांच्याकडे ते ओळखीच्याच पत्त्यावरून आलं होतं.

वस्तीतल्या विहारात रविवारी सकाळी आम्ही चारपाच जण बसतोय, ज्यांना हे हाताने करून बघायचंय त्यांनी यावं. रात्रपाळीवाल्यांसाठी दुपारी पुन्हा बसू. येताना चार्जर आणा, विहारात एकच सॉकेट आहे.